पुस्तकातील आई आणि पडद्यावरील आई

(एखादी गोष्ट आपण प्रथम पुस्तकात वाचतो आणि पुढे तीच गोष्ट चित्रपटाच्या रूपाने पाहतो. अशा वेळी दोहोंत श्रेष्ठ कोणते, असा वाद हटकून निघतो. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक आणि आचार्य अत्रे यांनी त्यावरून काढलेला चित्रपट यांची तुलना एका वर्गाने कशी केली, ते या पाठात सांगितले आहे.)

यवतमाळ जिल्ह्यात अरुणावती नदीच्या काठी आर्णी हे तालुक्याचे गाव आहे. भोवतालची जमीन काळी व कसदार. कापूस, तूर आणि सोयाबीन ही इकडची मुख्य पिके. गावात बाबा कंबलपोष यांचा दर्गा असून त्याच्या यात्रेस हिंदू आणि मुसलमान सारख्याच भक्तिभावाने जमतात. दक्षिणेकडे काही कोसांवर माहूरचा गड आणि रेणुकामातेचे स्थान आहे. समुद्र मात्र या गावापासून फार दूर. येथील पुष्कळ मुलांनी तो केवळ चित्रातच पाहिलेला असतो.

या गावातील एका शाळेत, पोळ्याचा सण आटोपल्यावर, सातवीच्या वर्गात एक नवा उपक्रम सुरू झाला. रोज शेवटच्या तासाला गुरुजी ‘श्यामची आई’ हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू लागले. या पुस्तकात प्रकरणांऐवजी रात्री आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा एकंदर बेचाळीस रात्री. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “गुरुजी, रात्र दिवसा कशी वाचायची?” सारा वर्ग हसला. गुरुजीही हसले व म्हणाले, “डोळे मिटून ऐक, म्हणजे आपोआप रात्र होईल.”

रोज एक याप्रमाणे दिवाळीच्या सुटीपूर्वी सर्व रात्री वाचून झाल्या. शेवटच्या दोन-तीन दिवशी वर्गात कोणी चुळबूळही केली नाही. सुटी संपल्यावर एका शनिवारी संध्याकाळी शाळेच्या दिवाणखान्यात पांढरा पडदा लावून ‘श्यामची आई’ हा चित्रपट दाखविण्यात आला. मुलांच्या घरच्या माणसांनाही आमंत्रण होते. कापसाची वेचणी ऐन भरात होती. तरी दिवसभर ओटीत कापूस वेचून दमलेल्या कितीतरी आया, आज्या आणि काकू पदराने घाम पुसत येऊन बसल्या. चित्रपट संपला तेव्हा पुष्कळांचे डोळे पाणावले होते.

सोमवारी वर्गात वाद पेटला.

एक मुलगा म्हणाला, “चित्रपटच चांगला. पुस्तक वाचायला दोन महिने लागले. चित्रपट अडीच तासांत संपला. शिवाय सारे डोळ्यांनी दिसते.”

एक मुलगी लगेच उत्तरली, “मुळीच नाही. पुस्तकच चांगले. चित्रपटात कितीतरी रात्री आल्याच नाहीत. मला आवडणारी रात्र तर शोधूनही सापडली नाही.”

वर्गाचे दोन तट पडले. आवाज चढू लागला. गुरुजींनी हात वर करून सर्वांना शांत केले आणि विचारले, “तुमच्या घरी कापूस कशाने मोजतात?”

“काट्यावर तोलतात,” मुले म्हणाली.

“आणि दूध?”

“मापाने.”

“मग कापूस जास्त की दूध जास्त, असे भांडण कोणी करते काय? ज्याचे माप वेगळे, त्याचा हिशेब वेगळा. पुस्तक शब्दांनी बोलते. चित्रपट चित्रांनी व आवाजांनी बोलतो. तेव्हा श्रेष्ठ कोण हे तूर्त बाजूला ठेवा. एकच गोष्ट दोघांनी कशी सांगितली, ते आधी नीट पाहू.” असे म्हणून त्यांनी फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढली. एका बाजूस ‘पुस्तक’ आणि दुसऱ्या बाजूस ‘चित्रपट’ असे लिहिले.

प्रथम दोन्ही कृतींचा जन्म कसा झाला, हे गुरुजींनी सांगितले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. ते अमळनेर येथील शाळेत शिक्षक होते. म्हणूनच लोक त्यांना ‘साने गुरुजी’ म्हणू लागले. स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतल्याबद्दल त्यांना अनेकदा कारावास घडला. १९३३ साली ते नाशिकच्या तुरुंगात होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. त्यांची आई १९१७ सालीच वारली होती. पंधरा वर्षांहून अधिक काळ मनात साठलेली आठवण पाच दिवसांत कागदावर उतरली. १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले.

साने गुरुजी ११ जून १९५० रोजी निधन पावले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९५३ साली, आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांनी या पुस्तकावरून चित्रपट काढला. अत्रे हे मोठे विनोदी लेखक, नाटककार आणि वक्ते. मुलांसाठी त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली होती, म्हणजे शाळेच्या पुस्तकांशीही त्यांचा जवळचा संबंध होता. लोकांना खदखदा हसविणाऱ्या या लेखकाने पाहणाऱ्याचे डोळे भरून यावेत असा चित्रपट निर्माण केला. आईची भूमिका वनमाला यांनी केली. छोट्या श्यामचे काम माधव वझे या मुलाने केले. हाच मुलगा पुढे नाट्यसमीक्षक म्हणून प्रसिद्धीस आला. संगीत वसंत देसाई यांचे होते. १९५४ साली आपल्या देशात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच देण्यात आले. त्या पहिल्याच वर्षी साऱ्या भारतातील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आपल्या आईचा हा गौरव पाहण्यास साने गुरुजी मात्र हयात नव्हते.

“आता तुम्ही सांगा,” गुरुजी म्हणाले. “पुस्तकात गोष्ट कोण सांगतो?”

“श्याम,” मुलांनी एका सुरात उत्तर दिले.

“लहान श्याम की मोठा श्याम?”

मुले विचारात पडली. मग पहिल्या बाकावरील मुलगी म्हणाली, “मोठा श्याम. आश्रमात प्रार्थना झाल्यावर तो आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो.”

हाच पहिला महत्त्वाचा भेद होय. पुस्तकातील श्याम मोठा झालेला आहे. आई हे जग सोडून गेली आहे, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून लहानपणच्या गमतीची गोष्ट सांगतानाही त्याच्या आवाजात एक हुरहुर असते. मध्येच तो थांबतो, आईच्या वागण्याचा अर्थ सांगतो, स्वतःच्या चुका कबूल करतो. ऐकणाऱ्यांसही तो विचार करण्यास अवसर देतो. चित्रपटाला असे वारंवार थांबता येत नाही. पडद्यावर श्याम लहान आहे आणि त्याची आई आपल्या डोळ्यांसमोर हिंडते, फिरते, रागावते. पुस्तकात ‘आई होती’ असे वाटते. पडद्यावर ‘आई आहे’ असे वाटते.

दुसरा भेद उदाहरणावरून स्पष्ट झाला. श्यामला पोहण्याची भीती वाटते. गावातील मुले विहिरीवर जाऊ लागली की तो लपून बसतो. एके दिवशी आई त्याला शोधून काढते, शिंपटीने फोडून काढते आणि विहिरीवर पाठविते. श्याम अखेर पाण्यात पडतो आणि त्याची भीती मोडते. नंतर त्याच्या अंगावरील वळ पाहून आईचेच डोळे भरून येतात. आपल्या मुलास कोणी भित्रा म्हणावे, हे तिला सहन होत नव्हते, म्हणून तिने मन घट्ट केले होते.

“हा प्रसंग वाचताना तुम्हांला काय वाटले आणि पाहताना काय वाटले?” गुरुजींनी विचारले.

मघाचा चित्रपटाची बाजू घेणारा मुलगा म्हणाला, “वाचताना मी श्याम झालो होतो. मलाच मार बसत आहे असे वाटले आणि मला आईचा राग आला. पडद्यावर मात्र मारणारी आई आणि मार खाणारा मुलगा दोघेही एकदम दिसले. तेव्हा मला आईचीही कीव आली.”

“छान!” गुरुजी म्हणाले. “पुस्तक आपणांस एका माणसाच्या मनात नेऊन बसविते. चित्रपट आपणांस थोडे दूर उभे करून दोघांचेही चेहरे दाखवितो. दोन्ही रीतींनी आपल्याला सत्यच कळते. पण वेगवेगळ्या वाटेने.”

तेव्हा मागील बाकावरून एक तक्रार आली. “गुरुजी, माझी तर फसगत झाली. पुस्तक ऐकताना माझ्या मनातली विहीर आमच्या शेतातली होती. काठावर बाभळीचे झाड होते. पडद्यावरची विहीर वेगळीच निघाली. आता मला ती बाभळीची विहीर आठवतच नाही.”

वर्गात हशा पिकला. गुरुजी मात्र गंभीर झाले. ते म्हणाले, “हा बोलतो ते अगदी खरे आहे. लेखक फक्त ‘विहीर’ एवढा शब्द देतो. ती बांधण्याचे काम वाचणाऱ्याने करायचे असते. म्हणून या वर्गात चाळीस मुले असतील, तर चाळीस विहिरी तयार होतात. चित्रपट मात्र एकच विहीर सर्वांना दाखवितो. तो आपले श्रम वाचवितो. परंतु आपण बांधलेली विहीर बुजवितो. म्हणून जमेल तेव्हा पुस्तक आधी वाचावे आणि चित्रपट मागून पाहावा. आपली विहीर एकदा नीट बांधून झाली, म्हणजे दुसऱ्याची पाहण्यात बाध नाही.”

“आणि आई?” एका मुलीने हळूच विचारले. “माझ्या मनातली श्यामची आई माझ्या मायसारखीच होती. नऊवारी लुगडे, हाताला चिरा पडलेल्या. पडद्यावर वनमालाबाई दिसल्या. त्या चांगल्या आहेत. पण त्या माझी माय नाहीत.”

“तुझी माय तुझ्या पुस्तकात राहू दे,” गुरुजी म्हणाले. “तेथून तिला कोणी हलवू शकणार नाही.”

तथापि चित्रपटाने केवळ घेतलेच, दिले काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याने नादाची देणगी दिली. पुस्तकातील आई ओव्या व स्तोत्रे म्हणते. पण छापलेल्या अक्षरांना चाल नसते. चित्रपटात द्रौपदी आणि श्रीकृष्ण यांच्या बंधुभगिनीप्रेमाची कथा सांगणारे जे गीत आशा भोसले यांनी गायिले आहे, ते ऐकून अक्षरओळख नसलेल्यांचेही मन हेलावते. शाळेतील छडीचे खेळकर गाणे तर चित्रपट न पाहिलेल्या मुलांच्याही तोंडी असते. चित्रपटाने दुसरे एक मोठे काम केले. आर्णीच्या मुलांना कोकण कसे दिसते, याची कल्पना केवळ शब्दांवरून येणे कठीण. माडांची झाडे, लाल माती, उतरत्या छपरांची घरे यांचे वर्णन काळ्या मातीत वाढलेल्या मुलांनी कितीही वाचले, तरी काहीतरी अपुरेच राहते.

“कोकण आपल्याला इतके परके का वाटते, गुरुजी?” एकाने विचारले.

“परके कशाने? कोकणची भूमी परशुरामाने समुद्रापासून मिळविली, अशी कथा आहे. तोच परशुराम आपल्या शेजारच्या माहूरच्या रेणुकेचा पुत्र. आईचे अंत्यविधी त्याने माहुरास केले, म्हणून तेथील कुंडाला मातृतीर्थ म्हणतात. आईची आठवण करण्याच्या बाबतीत कोकण आणि वऱ्हाड यांचे नाते तुम्ही समजता त्याहून जुने आहे.”

तिसरा भेद निवडीचा. बेचाळीस रात्री अडीच तासांत बसविणे अशक्य. म्हणून चित्रपट करणाऱ्यास काही प्रसंग घ्यावे लागतात, काही गाळावे लागतात, काहींचा क्रम बदलावा लागतो. केवळ मराठीतच असे घडले, असे नाही. बंगाली लेखक विभूतिभूषण बंदोपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली. तीवरून सत्यजित राय यांनी १९५५ साली काढलेला चित्रपट जगभर नावाजला गेला. तीही एका गरीब घराची, आईची आणि मुलांची कथा आहे. कादंबरीतील दुर्गा नावाच्या मुलीला आगगाडी पाहण्याची फार हौस असते. पण ती पुरी होण्याआधीच तिचे आयुष्य संपते. चित्रपटात मात्र दुर्गा आणि तिचा भाऊ अपू पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवतातून आगगाडीच्या दिशेने धावत सुटतात. राय यांनी मूळ कथेत बदल केला. परंतु त्या दोन भावंडांचे कुतूहल आणि प्रेम यांस धक्का लागू दिला नाही. कथेतील घटना बदलल्या तर एक वेळ चालते. तिचा प्राण हरवता कामा नये. रूपांतराची खरी कसोटी हीच.

“मग ‘श्यामची आई’चा प्राण कोणता?” गुरुजींनी प्रश्न टाकला आणि सर्वांना गृहपाठ दिला. “समजा, हा चित्रपट तुम्हांला काढायचा आहे. बेचाळीस रात्रींपैकी कोणती रात्र तुम्ही काही केल्या गाळणार नाही? आणि का? वहीत लिहून आणा.”

दुसऱ्या दिवशी वह्यांचा ढीग जमला. कोणी पोहण्याची रात्र निवडली होती. कोणी मुक्या फुलांची; कळ्या उमलण्यापूर्वीच तोडू नयेत, असे आई श्यामला शिकविते ती. कोणी अळणी भाजीची. आई भाजीत मीठ घालण्यास विसरते आणि वडील अवाक्षर न काढता ती खातात ती. आंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामला, मनालाही घाण लागू नये म्हणून तितकेच जप, असे आई सांगते, तो प्रसंगही अनेकांना आवडला होता. एका मुलाने, अस्पृश्य मानलेल्या म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढविण्यास आई श्यामला सांगते, ती रात्र निवडून पुढे लिहिले होते की, याच श्यामने मोठेपणी, १९४७ साली, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. आईची गोष्ट गाळली तर त्या उपोषणाचे बीज कोठे शोधायचे?

एक वही मात्र गुरुजींनी दोनदा वाचली. वर्गात कधी फारसे न बोलणाऱ्या एका मुलीची ती वही होती. मधल्या सुटीत तिला जवळ बोलावून त्यांनी विचारले, “बाळ, हे मी वर्गात वाचले तर चालेल का?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “वाचा, गुरुजी. पण नाव सांगू नका.”

शेवटच्या तासाला गुरुजींनी ते वाचून दाखविले. त्यात लिहिले होते:

‘मी कर्जाची रात्र गाळणार नाही. सावकाराचा माणूस घरी येऊन अपमानाचे शब्द बोलतो आणि एरवी शांत असणारी आई वाघिणीसारखी त्याच्यावर उलटते, ती रात्र. माझ्या आजीला वाचता येत नाही. ती शनिवारी चित्रपट पाहायला आली होती. घरी आल्यावर म्हणाली, ही बाई पुस्तकात आणखी काय काय बोलते ते मला वाचून दाखव. मी रोज जेवणे झाल्यावर वाचू लागले. आमच्या कपाशीवर यंदा बोंडअळी पडली. बाबा घरात कोणाशी बोलत नसत. ओट्यावर अंधारात एकटेच बसत. काल मी कर्जाची रात्र वाचत होते. बाबा ऐकत आहेत असे वाटले म्हणून मी घाबरून थांबले. बाहेरून बाबा म्हणाले, थांबू नको, पुढे वाच. वाचून झाल्यावर ते आत आले आणि आपल्यावर किती कर्ज आहे ते त्यांनी आजीला आणि मायला प्रथमच सांगितले. माय रडली नाही. ती म्हणाली, एवढेच ना, आता आपण चौघे मिळून पाहू. आजी म्हणाली, मला तर वाटले होते की तुमचे दुखते आहे. काल बाबा आमच्याबरोबर जेवले.’

वर्गात कोणी बोलले नाही. कोणी मागे वळून कोणाकडे पाहिलेही नाही.

थोड्या वेळाने गुरुजींनी फळ्याकडे पाहिले. मधली उभी रेघ अजून तशीच होती. ते म्हणाले, “परवा तुम्ही विचारत होता, पुस्तक श्रेष्ठ की चित्रपट? या घरात काय घडले ते पाहा. आजीला अक्षरे येत नव्हती, म्हणून पुस्तक तिच्यापर्यंत जाऊ शकत नव्हते. चित्रपटाने तिचा हात धरून तिला पुस्तकापाशी आणले. आणि पुस्तक अंधारात बसलेल्या वडिलांपर्यंत पोहोचले. कारण ते घरच्याच मुलीच्या आवाजात बोलत होते. एकाने दार उघडले, दुसरा आत गेला. यांत लहान कोण आणि मोठा कोण?”

मागच्या बाकावरील मुलगा, ज्याची विहीर हरवली होती, तो म्हणाला, “म्हणजे गोष्टीचा प्राण शाबूत होता.”

“होय,” गुरुजी म्हणाले. “घरावर संकट आले असता तोंड लपवू नये आणि एकमेकांचा हात सोडू नये, हेच श्यामच्या आईने जन्मभर केले. ते पुस्तकातही आहे आणि पडद्यावरही आहे.”

पुस्तक प्रसिद्ध झाल्याला नव्वद वर्षे लोटली आहेत. अत्रे यांच्या चित्रपटानंतर सत्तर वर्षांनी, २०२३ साली, सुजय डहाके यांच्या दिग्दर्शनाखाली ‘श्यामची आई’ हा चित्रपट पुन्हा एकदा निघाला. रंगांचे युग असूनही तो कृष्णधवल ठेवण्यात आला. पुढेही कोणी आपल्या रीतीने ही कथा सांगेल. चांगली कथा नदीसारखी असते. अरुणावतीचे पाणी कोणी घागरीत भरतो, कोणी पाटाने शेतात नेतो. भांडे बदलले तरी तहान भागविण्याचा गुण पाण्याचाच असतो.

शब्दार्थ

हटकून – नक्की, हमखास
ओटी – कापूस वेचताना कमरेला बांधलेला कापडाचा झोळ
तट – पक्ष, बाजू
हुरहुर – मनाला लागून राहिलेली रुखरुख
शिंपटी – झाडाची बारीक, लवचिक काठी
अवसर – सवड, संधी
बाध – अडथळा, हरकत
रूपांतर – एका प्रकारातील कृती दुसऱ्या प्रकारात आणणे
अवाक्षर – एकही अक्षर, चकार शब्द
शाबूत – सुरक्षित, न मोडलेले
कृष्णधवल – काळे-पांढरे

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतेक भाग कोठे व केव्हा लिहिला?
(आ) १९५३ सालच्या चित्रपटात आईची भूमिका कोणी केली?
(इ) माहूरच्या कुंडाला मातृतीर्थ का म्हणतात?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पुस्तकातील श्याम आणि पडद्यावरील श्याम यांत कोणता भेद आहे?
(आ) ‘चाळीस मुले असतील, तर चाळीस विहिरी तयार होतात’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
(इ) मुलीने आपली वही वाचण्यास परवानगी देताना नाव सांगू नये असे का म्हटले असेल?

३. कापूस आणि दूध यांचे उदाहरण गुरुजींनी कशासाठी दिले? तुमच्या भोवतालचे असेच दुसरे उदाहरण शोधून लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: मन घट्ट करणे, फसगत होणे, हशा पिकणे, डोळे पाणावणे.

५. ‘मध्येच तो थांबतो, आईच्या वागण्याचा अर्थ सांगतो, स्वतःच्या चुका कबूल करतो.’ या वाक्यातील क्रियापदे ओळखा व हे वाक्य भूतकाळात लिहा.

६. उपक्रम: तुम्ही वाचलेली आणि नाटकात किंवा चित्रपटात पाहिलेली एखादी कथा निवडा. वहीत मधोमध उभी रेघ ओढून दोन्ही बाजूंस त्यांतील भेद लिहा. शेवटी त्या कथेचा प्राण कोणता, ते एका वाक्यात सांगा. घरातील वडील माणसांना त्या कथेतील एक प्रकरण वाचून दाखवा.